गुणसूत्रांची पुनर्रचना आणि वनस्पतींची प्रजननक्षमता : महाविद्यालयीन मांडणीची चिकित्सा

सारांश : गुणसूत्रांच्या रचनेत होणारे बदल हा पदवी स्तरावरील आनुवंशिकीचा एक अनिवार्य घटक आहे. तथापि तो 'विकृती' या शीर्षकाखाली, चार आकृत्यांच्या आधारे आणि बहुधा प्राण्यांच्या उदाहरणांनी शिकविला जातो. वनस्पतींत या बदलांचा परिणाम मूळ झाडावर नव्हे, तर त्याच्या परागकणांवर व बीजांडांवर दिसतो, हा मुद्दा त्यामुळे झाकला जातो. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली असून वणी-दिंडोरी परिसरातील पिकांच्या व प्रयोगशाळेतील परिचित वनस्पतींच्या आधारे पर्यायी मांडणी सुचविली आहे.

बीजसंज्ञा : गुणसूत्र, स्थानांतरण, व्युत्क्रमण, अर्धवंध्यता, परागकण, ऱ्हिओ.

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात, सप्तशृंग गडाच्या पायथ्याशी वणी हे गाव वसले आहे. हा सारा परिसर द्राक्ष, टोमॅटो आणि कांदा या पिकांचा म्हणून ओळखला जातो. येथील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी येणारा विद्यार्थी बहुधा शेतकरी कुटुंबातील असतो. बियाणे, वाण, संकर, कलम हे शब्द त्याला वर्गात येण्यापूर्वीच माहीत असतात. संकरित टोमॅटोचे बी पुढील वर्षी धरून चालत नाही, द्राक्षाची बाग बियांपासून लावली जात नाही, काही झाडांना फुले भरपूर येऊनही बी धरत नाही, हे त्याने पाहिलेले असते. या निरीक्षणांची कारणे समजून घेण्याची संधी आनुवंशिकीचा अभ्यासक्रम त्याला देऊ शकतो. अशी संधी देणारे एक महत्त्वाचे प्रकरण म्हणजे गुणसूत्रांच्या रचनेतील बदल होय. प्रत्यक्षात मात्र हे प्रकरण परीक्षेत हमखास विचारले जाणारे आणि परीक्षेनंतर हमखास विसरले जाणारे ठरते. असे का घडते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रचलित मांडणी आणि तिच्या तीन मर्यादा

प्रचलित मांडणीचा आराखडा सर्वपरिचित आहे. गुणसूत्र म्हणजे अ-ब-क-ड-इ-फ अशा अक्षरांची एक पट्टी. तिचा एखादा तुकडा गळाला की 'लोप', तो दोनदा आला की 'द्विरुक्ती', तुकडा उलटा बसला की 'व्युत्क्रमण' आणि तो दुसऱ्याच गुणसूत्रावर गेला की 'स्थानांतरण'. चार व्याख्या, चार आकृत्या व प्रत्येकी एखादे उदाहरण देऊन प्रकरण संपते. ही मांडणी चुकीची नाही. ती अपुरी आहे. तिच्या तीन मर्यादा येथे विचारात घ्यावयाच्या आहेत.

पहिली मर्यादा संज्ञेची आहे. या बदलांसाठी 'विकृती' हा शब्द रूढ आहे. मानवी वैद्यकात तो स्वाभाविक ठरतो, कारण तेथे चर्चा रोगाची असते. परंतु 'विकृती' म्हटल्याबरोबर विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर खुरटलेले, वेडेवाकडे, रोगट झाड येते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. ज्या झाडात व्युत्क्रमण किंवा परस्पर स्थानांतरण झाले आहे, त्याच्या पेशीत सर्व जनुके सामान्यतः शाबूत असतात. केवळ त्यांची जागा बदललेली असते. असे झाड उंचीने, पानांनी, फुलांनी इतर झाडांसारखेच दिसते. संपत्ती तीच, वाटणी करण्याची वेळ आल्यावर मात्र तंटा, असे याचे वर्णन करता येईल. ही वाटणी म्हणजेच अर्धसूत्री विभाजन होय. 'गुणसूत्र' या मराठी संज्ञेनेही नकळत एक गैरसमज पोसला जातो. गुण वाहणारे सूत्र एवढाच अर्थ घेतला, तर गुण शाबूत असताना काही बिघडावे का, असा प्रश्न पडतो. मराठीत वापरला गेलेला 'रंगसूत्र' हा पर्याय या दृष्टीने अधिक तटस्थ होता.

दुसरी मर्यादा उदाहरणांची आहे. फळमाशी आणि मनुष्य ही दोन उदाहरणे सर्वत्र आढळतात. परंतु वनस्पतींचे जीवनचक्र वेगळे आहे. प्राण्यांत अर्धसूत्री विभाजनातून थेट शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होते आणि शुक्रपेशीचे कार्य तिच्यातील स्वतःच्या जनुकांवर फारसे अवलंबून नसते. त्यामुळे असंतुलित गुणसूत्रसंच घेऊनही शुक्रपेशी अंडपेशीपर्यंत पोहोचते आणि हानी पुढे गर्भात प्रकट होते. वनस्पतींत अर्धसूत्री विभाजनानंतर परागकण व भ्रूणकोश यांची एक लहानशी स्वतंत्र पिढी असते. तिला गुणसूत्रांच्या एकाच संचावर वाढावे लागते, आणि त्या संचातील अनेक जनुके तिला स्वतःला वापरावी लागतात. संचाचा मोठा तुकडा नसेल, तर परागकण भरतच नाही. म्हणजे प्राण्यांत जी निवड गर्भावस्थेत होते, ती वनस्पतींत बहुतांशी फलनापूर्वीच उरकलेली असते. प्राण्यांच्या उदाहरणांवरून हे कळणे शक्य नाही.

तिसरी मर्यादा आकृतीची आहे. पाठ्यपुस्तकातील आकृती तुकडा तुटून दुसरीकडे जोडला जाण्यापाशी थांबते. खरा विषय तेथून सुरू होतो. बदललेली व न बदललेली गुणसूत्रे अर्धसूत्री विभाजनात एकमेकांशी जुळणी कशी करतात आणि विलग कशी होतात, हे दाखविल्याशिवाय वंध्यत्वाचे कारण उलगडत नाही.

अर्धवंध्यतेचा शोध : जनुकाकडून रचनेकडे

या विषयाचा इतिहास मराठी वाचकाला अपरिचित नसलेल्या वनस्पतींतून घडला आहे. जॉन बेलिंग याने 1914 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथे चाऱ्यासाठी व हिरवळीच्या खतासाठी लावल्या जाणाऱ्या एका वेलीच्या संकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही वेल म्हणजे सह्याद्रीच्या रानात अंगाला खाज आणणाऱ्या खाजकुइलीचीच लागवडीखालील बहीण होय. दोन पूर्णपणे सुफल प्रकारांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीतील प्रत्येक वेलीचे निम्मे परागकण पोकळ निघाले व निम्मी बीजांडे वाळून गेली. दुसऱ्या पिढीत निम्म्या वेली पूर्ण सुफल, तर निम्म्या पुन्हा अर्धवंध्य निघाल्या. प्रमाण इतके नेटके होते की बेलिंगने प्रथम दोन घटकजोड्या कल्पून मेंडेलच्या पद्धतीने त्याचा उलगडा केला. पुढील दशकात धोत्र्याच्या एका जातीवर ब्लेकस्लीसमवेत काम करताना त्याने खरे कारण मांडले : दोन असमजात गुणसूत्रांनी आपल्या तुकड्यांची अदलाबदल केलेली असावी.

या कल्पनेला प्रत्यक्ष पुरावा मक्याने दिला. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1930 मध्ये अर्धवंध्य मक्याच्या पेशीत चार गुणसूत्रे एकत्र येऊन क्रुसाच्या आकारात जुळलेली दाखविली. ही क्रुसाकृती हा या प्रकरणाचा गाभा आहे. दोन मूळ व दोन अदलाबदल झालेली गुणसूत्रे आपापल्या सारख्या भागांशी जुळू पाहतात, तेव्हा दोन जोड्यांऐवजी चौघांचा एक गट तयार होतो. विलग होताना दोन्ही मूळ गुणसूत्रे एका टोकाला व दोन्ही बदललेली दुसऱ्या टोकाला गेली, तर दोन्हीकडे संच पूर्ण असतो. अन्यथा प्रत्येक टोकाला काही भाग दुप्पट व काही भाग गायब अशी स्थिती होते आणि ते परागकण वा भ्रूणकोश मरतात. मक्यात या दोन्ही शक्यता जवळजवळ समान असल्यामुळे हानी निम्म्यावर येते. सातूमध्ये सुयोग्य विलगीकरण अधिक वेळा घडते, म्हणून तेथे वंध्यतेचे प्रमाण कमी असते. अर्थात 'स्थानांतरण म्हणजे पन्नास टक्के वंध्यता' हे सूत्र सर्व वनस्पतींना लागू करणे योग्य नव्हे.

यातून आनुवंशिकतेविषयी एक मूलगामी निष्कर्ष निघतो. अर्धवंध्य झाडाचे स्वपरागण केल्यास संततीत मूळ रचनेची, मिश्र रचनेची व पूर्णपणे नव्या रचनेची झाडे 1:2:1 या प्रमाणात मिळतात. त्यांपैकी पहिली व तिसरी सुफल असतात, केवळ मधली अर्धवंध्य असते. म्हणजे अर्धवंध्यता मेंडेलच्या प्रमाणात पुढे जाते, परंतु तिचे असे स्वतंत्र जनुक नसते. नवी रचना स्वतः सदोष नसते. दोन भिन्न रचना एकत्र येणे हे अडचणीचे कारण असते. 'विकृती' हा शब्द येथे सर्वाधिक दिशाभूल करतो, कारण दोन निर्दोष रचनांच्या मीलनातून वंध्यता उद्भवते.

व्युत्क्रमण आणि टोमॅटोचे उदाहरण

व्युत्क्रमणाचा परिणाम निराळ्या मार्गाने होतो. उलटा भाग सुलट भागाशी जुळण्यासाठी फास तयार करतो. त्या फासात तुकड्यांची देवाणघेवाण, म्हणजे पारगती झाली, तर निर्माण होणारी नवी गुणसूत्रे असंतुलित ठरतात. उलटलेल्या भागात गुणसूत्रबिंदू नसेल, तर एक गुणसूत्र दोन बिंदूंचे व एक तुकडा बिनबिंदूचा होतो. पेशी विभागताना पहिल्याचा पूल ताणला जाऊन तुटतो, दुसरा हरवतो. परिणामतः पारगती झालेले युग्मक नष्ट होतात व पारगती न झालेलेच उरतात. त्यामुळे उलटलेल्या भागातील सर्व जनुके एखाद्या गाठोड्याप्रमाणे एकत्रच पुढील पिढीत जातात. वंध्यता थोडी असली, तरी आनुवंशिकतेवरील हा परिणाम दूरगामी असतो.

दिंडोरी तालुक्यातील टोमॅटो उत्पादकाला याचा प्रत्यक्ष संबंध आहे. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पाने आकसविणारा विषाणूरोग हा या पिकाचा मोठा शत्रू होय. त्याला प्रतिकार करणारे 'टीवाय-1' हे जनुक टोमॅटोच्या एका रानटी नातलगाकडून, दक्षिण अमेरिकेतील सोलॅनम चिलेन्से या जातीतून, लागवडीच्या टोमॅटोत आणले गेले. हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिले की, या भागात रानटी व लागवडीच्या टोमॅटोंची गुणसूत्रे दोन व्युत्क्रमणांनी भिन्न आहेत. त्यामुळे तेथे पारगती दबते. प्रतिकारक्षमता हवी असेल, तर तिच्या शेजारची अनावश्यक रानटी जनुकेही सोबत येतात आणि ती वेगळी काढणे कठीण होते. रोगप्रतिकारक वाण तयार होण्यास इतकी वर्षे का लागतात, या प्रश्नाचे एक उत्तर पाठ्यपुस्तकातील त्या उलट्या तुकड्याच्या आकृतीत दडलेले आहे. परंतु आकृती शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते कोणी सांगत नाही.

द्राक्ष : एक इशारा आणि एक दाखला

येथे अतिरेकी निष्कर्षापासून सावध राहणेही अगत्याचे आहे. नाशिकच्या द्राक्षाला बी नसते, म्हणून ते गुणसूत्र पुनर्रचनेचे उदाहरण, असे म्हणणे चूक ठरेल. थॉम्सन सीडलेस आणि त्यातून निवडलेले सोनाका व तास-ए-गणेश हे वाण बिनबियांचे असण्याचे कारण वेगळे आहे. या द्राक्षात फलन होते, मात्र त्यानंतर गर्भाची व बीजकवचाची वाढ खुंटते आणि मणी बिनबियांचा वाटतो. याचा संबंध अठराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील सूक्ष्म बदलाशी आहे, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. थॉम्सनचे परागकण कार्यक्षम असतात; म्हणूनच संकरकार्यात नर-पालक म्हणून त्याचा उपयोग होतो. केळीचे कारण तिसरेच आहे. लागवडीच्या बहुतेक केळ्यांत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने त्यांची समान वाटणी होऊ शकत नाही. संकरित कांद्याच्या बीजोत्पादनात वापरले जाणारे नरवंध्यत्व तर पेशीद्रव्यातील तंतुकणिकांशी निगडित आहे. अशा प्रत्येक वेळी 'बीज नेमके कोणत्या टप्प्यावर थांबते?' हा प्रश्न विचारणे हीच खरी कसोटी होय. परागकण पोकळ की भरलेले, फलन झाले की नाही, गर्भ वाढला की नाही, या क्रमाने तपास केल्यास भिन्न कारणे वेगळी करता येतात.

तथापि द्राक्षकुळात पुनर्रचनेचा एक बोलका दाखला आहे. स्पेनमधील रिओखा प्रांतात 1988 मध्ये टेम्प्रानिल्यो या काळ्या द्राक्षाच्या वेलीवरील एका फांदीला पांढरे घड लागले. तिच्या कलमांतून पांढऱ्या द्राक्षाचे नवे वाण तयार झाले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, या वेलीत तीन गुणसूत्रे अनेक ठिकाणी तुटून वेड्यावाकड्या क्रमाने पुन्हा जोडली गेली होती आणि काही भाग गळाले होते. त्या गळालेल्या भागात रंगाची जनुके होती. याच पुनर्रचनेमुळे युग्मकांची जीवनक्षमता घटते आणि वाणाची फळधारणाही कमी असते, असे संशोधकांनी मांडले. पिढ्यान् पिढ्या बियांवर अवलंबून असलेल्या पिकात अशी वेल मागे पडली असती. कलमाने वाढणाऱ्या पिकात मात्र माणसाने ती जपली. प्रजननक्षमता आणि उपयुक्तता या दोन गोष्टी एक नाहीत, हे वणीच्या विद्यार्थ्याला याहून सुलभ रीतीने समजणार नाही.

दारातील उदाहरण : ऱ्हिओ

महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांच्या आवारात वरून हिरव्या व खालून जांभळ्या पानांचे ऱ्हिओ हे शोभेचे झाड असते. मूळचे मेक्सिको व त्यालगतच्या प्रदेशातील हे झाड येथे प्रयोगशाळेचे अविभाज्य अंग बनले आहे. त्याच्या पानाचा जांभळा पापुद्रा सोलून पर्णरंध्रे व रससंकोच दाखविले जातात आणि पान टाकून दिले जाते. ज्या वनस्पतीच्या फुलात गुणसूत्र पुनर्रचनेचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे, तिच्या केवळ पानाचा उपयोग व्हावा, हा प्रचलित अध्यापनावरील सर्वांत नेमका अभिप्राय ठरेल.

ऱ्हिओत 12 गुणसूत्रे असतात. त्यांच्यात एकामागून एक इतक्या अदलाबदली झालेल्या आहेत की अर्धसूत्री विभाजनात सहा जोड्या न होता बाराही गुणसूत्रे टोकाला टोक लावून एक कडे किंवा तुटलेली साखळी करतात. कार्ल सॅक्स यांनी 1931 मध्ये या कड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कड्यातील एकाआड एक गुणसूत्रे एका टोकाला गेली, तरच सहा-सहांचे दोन पूर्ण संच मिळतात. त्यात वारंवार चूक होते व बरेच परागकण पोकळ राहतात. शिवाय एकाच प्रकारचे दोन संच एकत्र आल्यास ती संतती तगत नाही. त्यामुळे जी संतती तगते, ती नेहमी दोन भिन्न संचांचीच असते. झाड कायम संकरित, तरीही संतती पालकासारखीच, अशी ही विलक्षण स्थिती आहे. ह्यूगो द व्ह्रीस याने ईनोथेरा या वनस्पतीवरून 1901 पासून उत्परिवर्तनाचा सिद्धान्त मांडला, त्या वनस्पतीतही अशीच कडी असल्याचे पुढे आढळले. त्याने पाहिलेले बरेचसे 'नवे प्रकार' या गुंतागुंतीच्या गुणसूत्ररचनेचे फलित होते. एका मोठ्या सिद्धान्ताचा पाया केवळ बाह्यरूप पाहून घातला गेला आणि पेशी पाहिल्यावर तो बदलावा लागला, हा धडाही अध्यापनात यावयास हवा.

यासाठी खर्चिक साधनांची आवश्यकता नाही. ऱ्हिओच्या नावेसारख्या छदांत दडलेल्या कोवळ्या कळ्या, ॲसिटोकार्मिन हे रंजक आणि पदवी वर्गातील सूक्ष्मदर्शक एवढे पुरेसे आहे. उमललेल्या फुलातील परागकण याच रंजकात ठेवल्यास भरलेले कण लाल होतात, पोकळ कण फिके राहतात. त्यांची गणना करता येते. मात्र एक दक्षता घ्यावी लागेल. अतिउष्णता, थंडी किंवा औषधफवारणी यांमुळेही परागकण पोकळ राहू शकतात. म्हणून केवळ गणनेवरून पुनर्रचना सिद्ध होत नाही. कळ्यांतील कडी किंवा संततीतील प्रमाण यांची जोड हवी.

संभाव्य आक्षेप

या सूचनांवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वेळापत्रकात एवढा अवकाश नाही. त्याला उत्तर हे की, येथे आशय वाढविण्याची नव्हे, तर चार व्याख्यांचा विस्तार कमी करून त्या वेळात क्रुसाकृतीचे विलगीकरण शिकविण्याची अपेक्षा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यापीठीय परीक्षेत 'विकृती' हीच संज्ञा असेल, तर शिक्षकाने दुसरी वापरल्यास विद्यार्थ्याचे नुकसान होईल. हे मान्य करावे लागेल. रूढ संज्ञा सोडण्याची गरज नाही. मानवी वैद्यकाच्या संदर्भात ती स्वाभाविक असली, तरी वनस्पतींना ती जशीच्या तशी लागू पडत नाही, एवढे स्पष्ट केले तरी पुरेसे आहे.

निष्कर्ष

1. वनस्पतींतील संतुलित गुणसूत्र पुनर्रचनेचा परिणाम मूळ झाडाच्या रूपावर क्वचित, तर त्याच्या परागकणांवर व बीजांडांवर प्रामुख्याने होतो. अध्यापनाचा भर तुकडा तुटण्यावरून विलगीकरणावर यावयास हवा.

2. अर्धवंध्यता ही दोन भिन्न रचना एकत्र आल्याने उद्भवते. नवी रचना एकटी असता सुफल असते. म्हणून 'विकृती' ही संज्ञा वनस्पतींच्या बाबतीत सावधपणे वापरावी.

3. परागकण व भ्रूणकोश यांच्या स्वतंत्र पिढीमुळे वनस्पतींतील निवड फलनापूर्वी होते. हा भेद प्राण्यांच्या उदाहरणांतून कळत नाही, तो स्वतंत्रपणे शिकवावा लागेल.

4. बिनबियांच्या प्रत्येक पिकाचे कारण पुनर्रचना नसते. द्राक्ष, केळी व कांदा यांतील कारणे परस्परांहून भिन्न असून त्यांची तुलना हाच उत्तम स्वाध्याय ठरेल.

5. ऱ्हिओ ही प्रत्येक प्रयोगशाळेस उपलब्ध वनस्पती आहे. तिच्या पानाबरोबर तिच्या कळीचाही उपयोग झाल्यास ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी हे प्रकरण आकृतीवरून पाठ न करता स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकेल.